भिंतीवरची दुसरी

३ जून, सोमवार
स्टुडिओ मिळाला! वरची खोलीही. किल्ली देताना मालकीणकाकूंनी एकच अट घातली: फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवायचा नाही. त्यांचे यजमान, काका, आयुष्यभर इथे तसेच फोटो काढत, समोरून धाडकन. सगळे चेहरे पाटासारखे सपाट. मी मान डोलावली. धाकटी बहीण नंतर म्हणाली, दादाची मान डोलली की समजावं, डोक्यात उलटंच चाललंय.

५ जून
फ्लॅश उतरवला. धाकटीला भिंतीपुढे बसवलं, फ्लॅश डावीकडे स्टँडवर, कॅमेऱ्यावर नुसता रिमोट. गालाला गोलाई आली. पहिल्यांदाच माणसात आल्यासारखी दिसतेय, म्हणाली. भिंतीवर उजवीकडे तिची सावली. शेजारी आणखी एक, उंच. कॅमेऱ्याच्या तिवईची असेल.

६ जून
तिवई बाहेर ठेवली. खिडकी झाकली. फ्लॅश एकच, सावल्या दोन. फ्लॅश उजवीकडे नेला. दोघी डावीकडे सरकल्या. म्हणजे भिंतीवरचा डाग नव्हे. दर फोटोत दुसरी जवळ येते.
काकूंना फोटो दाखवले. खाली बसल्या. म्हणाल्या, सांगितलं होतं की नाही? समोरून उजेड असला की ते माणसामागे पडून राहतं. तुम्ही बाजूने दाखवलंत. आता त्याला माणूस दिसला.

८ जून
धाकटीचा आवाज बसलाय. गळ्यावर वळ. फोटोत दुसरीचे हात तिच्या सावलीच्या गळ्याशी. घरी न्यायला निघालो, तर दाराशी तिचा श्वास अडकला. आत आणलं तेव्हा सुटला.
फ्लॅश पुन्हा कॅमेऱ्यावर चढवला. भिंत स्वच्छ. धाकटी खोकतेच आहे. लपलंय, गेलेलं नाही.

९ जून
सुचलं. ते भिंतीवर तिला धरतं. फ्लॅश तिच्या मागे ठेवला तर भिंतीवर सावली पडणारच नाही. स्टँड भिंतीला टेकवला. ती मानेनेच नको म्हणतेय. डोळे मिट म्हटलं.

दाबलं. भिंत कोरी. तिने पोटभर श्वास घेतला. दादा, म्हणाली— आवाज आला! माझ्या पायांकडे बघतेय.

मागून उजेड दिला की सावली पुढे पडते. कॅमेऱ्याकडे. इतकी साधी गोष्ट मी—

गळ्याशी गार. आवाज निघत नाही. वहीवर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं: पळ.

दाराबाहेर गेली. श्वास अडकला नाही. काकूंना हाका मारतेय. मोठ्याने.

तिची पावलं. जिन्यावर, परत इकडेच. नको— धाकटे, परत आत येऊ न