चार नंबरच्या टेबलावरची पट्टी

७ नोव्हेंबर

आज प्रॅक्टिकलला लंबक. पट्टीने अर्धा मीटर मोजलेल्या दोरीला गोळा बांधायचा, वीस झोक्यांना लागणारा वेळ मोजायचा, त्यावरून पृथ्वी किती जोरात ओढते ते काढायचं. उत्तर नऊ दशांश आठ यायला हवं, ते सगळ्यांनाच पाठ! माझ्या जोडीला टिली, एकोणीस वर्षांची. आमचं आलं दहा दशांश दोन. तीनदा केलं, तरी तेच.

म्हटलं, "टिली, तुला जरा जास्तच ओढतेय गं पृथ्वी. चिप्स कमी खा!" अख्खा वर्ग हसला. ती लालबुंद.

"परत मोजू या ना, डोरीन. काहीतरी चुकतंय."

"चार वाजले. माझी बस जाईल. हे घे—"

उत्तरावरून उलटं गणित करून मी झोक्यांचे आकडे बनवले. तिने मुकाट्याने उतरवून घेतले. गावच्या शाळेत बाईंना अशीच बनवायचे मी! साठीत परत वर्गात बसण्याची मजाच मजा.

९ नोव्हेंबर

माझ्या नवऱ्याची, रॉयची दुर्बीण पुसली. तो गेल्यापासून तिला डोळा लावलेला नाही. फाउंडेशन, म्हणजे पदवीआधीचं तयारीचं वर्ष, पास झाले, पहिल्या वर्षाला खगोलशास्त्र मिळालं, की मगच लावीन.

१४ नोव्हेंबर

वह्या परत मिळाल्या. होल्डन सर सगळ्यांसमोर म्हणाले, "चार नंबरच्या टेबलावरची पट्टी मीच शून्याच्या टोकाला दोन सेंटीमीटर कापून ठेवली होती. चूक कुणाच्या लक्षात येते ते बघायला. तिथे दहाच्या वरच यायला हवं होतं."

चार नंबर म्हणजे आम्ही.

"चुकलेलं उत्तर मला चालतं. बनवलेलं नाही. ज्याने आकडे बनवले त्याने शुक्रवारपर्यंत येऊन सांगावं. त्याला शून्य."

शून्य म्हणजे पुढचं वर्ष नाही. रॉयच्या शवपेटीपाशीसुद्धा थट्टा केली होती मी. आज खाली बघत बसले. काहीतरी चुकतंय हे पोरीला कळलं होतं— आणि मी तिच्यावर वर्ग हसवला!

१५ नोव्हेंबर

कॅन्टीनमध्ये टिली भेटली. "मी तुझं नाव नाही सांगणार, डोरीन."

"मग काय करणार?"

"बघते. चहा घेतेस?"

घेतला! शरम कशी नाही मला? घशाखाली उतरला कसा?

१६ नोव्हेंबर

सरांच्या दारापर्यंत गेले. परत आले. बसची वेळ झाली होती, असं स्वतःला सांगितलं. नव्हती झाली.

१७ नोव्हेंबर

सरांना सगळं सांगितलं. ते हसले. "टिली परवाच येऊन गेली. आकडे तिने बनवले, तुम्ही भरवशावर उतरवलेत, म्हणाली. आता पोरीसाठी खोटं बोलताय ना? फार मायाळू आहात, डोरीन."

शपथ घेतली. उलटं गणित परत करून दाखवलं. "पुरे आता तुमच्या गमती," म्हणाले.

टिलीला शून्य. मी पास.