शीर मलाच सापडते

४ तारीख, सकाळ
रात्रभर डोळ्याला डोळा नाही. काल लॅबमधून वॉर्डात फोन आला, ढब्बूच्या रक्ताच्या बाटलीत जंतू वाढलेत. माझं सात महिन्यांचं पोर, आणि रक्तात जंतू. मी घाबरले नाही. फक्त झोपले नाही.
डॉक्टर म्हणाले, हा जंतू कातडीवर असतो. रक्त काढताना बाटलीत गेला असेल, त्याला कंटॅमिनेशन म्हणतात. ताप उतरलाय, दूध पितोय, उद्या परत रक्त घेऊन बघू.
म्हणजे चूक सिस्टरची. तिला तर शीरसुद्धा सापडत नव्हती. तिने जागा पुसली आणि बघत बसली. शेवटी मीच बोट फिरवून दाखवली.

५ तारीख, सकाळ
आजपासून स्वच्छता म्हणजे स्वच्छता. हात इतके धुतले की कातडी सोलली. स्टूल पुसलं, पलंगाच्या कडा पुसल्या, शेजारच्या पलंगावरच्या बाईची पिशवी पुसली. ती म्हणाली, ताई, आता मलाही पुसून घ्या.

दुपार
रक्त घेतलं. सिस्टरने औषधाने जागा पुसली. म्हणाली, सुकू द्या, आता कोणी हात लावायचा नाही. अगदी बरोबर. मीच शेजारणीला दटावलं, लांब व्हा म्हटलं.
मग सिस्टर बाटलीचं झाकण काढायला वळली. तेवढ्यात शीर हरवली असती, म्हणून मी बोट ठेवून धरली. हात धुतलेलाच होता. ती वळायच्या आत काढलं. एका टोचण्यात रक्त आलं. कोणामुळे आलं, ते बोलून दाखवायचा माझा स्वभाव नाही.

६ तारीख
दादाचा फोन. म्हणाला, तू नुसतं पोराला धर, लुडबुड करू नको. दाराला रंग दिला की सुकला का ते बोट लावून बघणारी तू. सगळ्या दारांवर तुझं बोट आहे.
भाऊ आहे म्हणून ऐकून घेतलं.
मग आठवलं, फोनवर सगळ्यात जास्त जंतू असतात. साबणाने धुतला. आता चालू होत नाही. पण स्वच्छ आहे.

७ तारीख, सकाळ
तोच जंतू परत आला.
डॉक्टर म्हणाले, एकदा आला तर चूक म्हणता येते. दोनदा तोच आला तर रक्तातच आहे असं धरावं लागतं. उद्या गळ्याच्या शिरेत नळी घालायची. दोन आठवडे मोठं औषध. किडनीला जड असतं, पण लक्ष ठेवू म्हणाले.
ढब्बूला गळा कुठे आहे. नुसत्या वळ्या आहेत.
सिस्टरने विचारलं, पुसल्यावर जागेला कोणी हात लावला होता का. मी म्हणाले, कोणी नाही.
आई म्हणजे काय 'कोणी' असते का.

दुपार
ढब्बू माझं तेच बोट चोखतोय. ताप नाही, काही नाही. हसतोय.
डॉक्टरांना सांगायला दोनदा गेले. पहिल्यांदा ते जेवत होते, म्हणून परत आले. दुसऱ्यांदा त्यांचं जेवून झालं होतं, म्हणून परत आले.

संध्याकाळ
तोंडाने जमत नाही. वही उघडी करून स्टुलावर ठेवते. सिस्टर औषध द्यायला येईल तेव्हा तिला दिसेल.
सिस्टर, दोन्ही वेळा बोट माझं होतं. पुसलेल्या जागेवर. तुमची चूक नाही. डॉक्टरांना सांगा, नळी घालायच्या आधी परत एकदा रक्त घ्या. तेव्हा मला खोलीत ठेवू नका. कितीही ठरवलं तरी माझं बोट जाणार.
जो कोणी हे वाचेल त्याने माझ्या दादाला फोन लावा. नंबर खाली लिहिलाय. म्हणावं, उद्या सकाळी ये आणि ढब्बूला तू धर. का म्हणून विचारलं तर सांगा, तिने परत ओल्या रंगाला बोट लावलं. त्याला कळेल.