मांडवात टांगलेला फोन

प्रिय नंदाताई,

तू माझ्या नावावर पाठवलेला ब्लूटूथ स्पीकर मिळाला. कुणी पाठवला ते बाबांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पण त्यांना कळलंच. आईला तर एवढा आनंद झाला, की धूळ जाऊ नये म्हणून तिनं जुन्या लुगड्याचं दुपदरी कव्हर शिवून त्याला चढवलं. कांबळ्यात तोंड खुपसून गावं तसा आवाज यायचा. मी कव्हर काढलं तर रुसून बसली.

बाबा एकच गाणं लावतात. विहारातल्या जयंतीला फोनमध्ये भरून घेतलेलं, त्यांची पेटी अन् तुझा आवाज. तेही आतल्या खोलीत, दार लोटून. तू प्रफुलभाऊजींशी कोर्टात लग्न केलंस तेव्हा ‘आता फोन करू नको’ म्हणाले ना, मग गावाला कसं ऐकू जाऊ देतील? पण गाणं सारखं तुटायचं. नेमका तू वरचा सूर लावलास की खर्र! चिडायचे माझ्यावर. मी जोडणी मोडून परत जोडली, फोनमधली आवाजाची सेटिंग बदलली, अपडेट मारलं, स्पीकर कोपऱ्यातून काढून पाटावर ठेवला. आवाज खुलला, पण तुटायचा तो तुटतच राहिला.

धान घरी आल्यावर जरा निवांत बसलो तेव्हा ध्यानात आलं. बाबांचा फोन अंगणातल्या मांडवाच्या खांबाला पिशवीत टांगलेला असतो, कारण आपल्याकडे रेंज तेवढ्याच जागी. मध्ये मातीची हातभर जाड भिंत. ब्लूटूथ बिचारं किती जोर लावणार! मी फोन आत आणून स्पीकरजवळ ठेवला. ताई, काय वाजलं म्हणून सांगू! तू घेतलेला श्वासही ऐकू आला. बाबांनी डोळे मिटले, बोटं मांडीवर पेटी वाजवू लागली. अन् अर्ध्यातच उठले, फोन उचलला, परत खांबाला टांगून आले. मी वैतागून विचारलं, आता काऊन? माझ्याकडे न बघता म्हणाले,

“अंदर रेंज नाई. नंदाचा फोन आला तं?”

तालुक्याच्या गावी, मूलला, रेंज असते; तिथं गेलो की हे मेसेजवर लिहिता आलं असतं, पण तू त्यावर नुसता अंगठा पाठवतेस. अन् घरून फोन करावा तर खांबापाशीच बाबांची खाट. म्हणून हे पत्र. तू फोन कर. बाबांनीच मना केलं हे मला सांगू नको, त्यांनाच सांग. पण वार ठरवून कर, दर इतवारी सकाळी म्हण. म्हणजे इतवारी फोन खांबाला राहील, बाकीचे दिवस घरात. तुझं गाणं त्यांना एकदा तरी पुरं ऐकू दे.

तुझाच भांडखोर भाऊ,
राजदीप