हळूहळू नव्हे, एका मंगळवारी

ती. आईस,

नमस्कार करते, पण आधी कान पकडते. वॉर्डातली सात वर्षांची मुलगी ‘हळूहळू’ विचित्र वागू लागली, असं मी मागच्या पत्रात लिहिलं, ते चूक होतं. केसपेपरवरही तेच लिहून बसलेय, त्यामुळे आमच्या मोठ्या डॉक्टरबाई तिला फक्त मानसोपचारांसाठी पाठवणार आहेत.

आम्ही आजारी पडलो की तू ‘काय होतंय’च्या आधी ‘कधीपासून’ विचारायचीस. आज तसंच तिच्या आजीला विचारलं.

“अगं डॉक्टर, हळूहळू मी चालते. गेल्या महिन्यात एका सोमवारी भांडून झोपली ती माझी नात होती. मंगळवारी उठली आणि साबण संपेपर्यंत हात धूत बसली.”

त्याआधी पंधरा दिवस तिचा घसा धरला होता. घशातल्या जंतूंशी लढताना शरीर कधीकधी चुकून स्वतःच्या मेंदूवरच उलटतं आणि मूल असं एका रात्रीत बदलतं. तसं निघालं तर उपचार आहेत, म्हणून मी खुशीत आहे.

मी नीट जेवते. बाबांचा गुडघा कसा आहे? आणि कधीपासून?

चूक कबूल करायची भीती वाटते, पण तिचं रक्त तपासायला हवं. मोठ्या बाई आज रजेवर आहेत. त्या राउंडला आल्या की सगळ्यांसमोर सांगणार, उद्याच, गुरुवारी सकाळी.

तुझी घाबरट