सही समोरच करावी लागते

ती. वन्सं यांना वहिनीचा नमस्कार.

मी बरी आहे. तुम्हीही बऱ्या असणार, कारण बऱ्या नसता तर तुमचं पत्र कधीच आलं असतं. तुमचा गुडघा, तुमचं पित्त आणि तुमची ती समोरची शेजारीण या तिघांची चौकशी केली असं धरा, म्हणजे मला मुद्द्यावर येता येईल. मी चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर मुंग्या सांडल्यासारखं येतं. माझी शिवण सरळ जाते, ओळ जात नाही, तेव्हा डोळे ताणून वाचा. तुमचे बंधूही बरे असतील. (ही चौकशी नाही. ओघात आलं म्हणून लिहिलं.)

तर तुमच्या भाचीला सरकारी विद्यापीठात जागा मिळाली. यंत्रांचं शिक्षण घ्यायचं म्हणते. दिसेल ती वस्तू उघडून बघायची हा बापाचा गुण, दुसरं काय! फरक इतकाच की हिला त्याबद्दल पदवी मिळेल. मी आनंदानं सगळ्या जिन्याला पेढे वाटले आणि मग फीचा कागद आला. आकडा बघून वाटलं, मी कागद उलटा धरलाय. उलटा करून बघितला, तसाही परवडेना. सरकारी म्हणजे फुकट असेल असं मी इतकी वर्षं समजत होते. सरकारी म्हणजे खासगीपेक्षा कमी, एवढाच त्याचा अर्थ. पण पोरगी म्हणाली की फीसाठी मदत मिळते, तिथं जाऊन विचारायचं असतं. पोरीला क्लास होता, म्हणून मी एकटीच दुकान बंद करून गेले. (दुकान म्हणजे तेच, जिन्याखालचं. पँटची उंची कमी, चेन बदलणे, काज-बटण. पाटी नवीन केली आहे, बाकी तसंच.)

पहिला दिवस फुकट गेला. लांबच्या लांब रांग दिसली तशी मी उभी राहिले, कारण जिथं रांग मोठी तिथंच पैसे मिळत असणार, हा माझा हिशोब. दोन तासांनी नंबर लागला तर आत एक पोरगा कॅमेरा घेऊन बसलेला. हनुवटी वर घ्या म्हणाला, घेतली. हसा म्हणाला, त्याला म्हटलं कारण सांग. मग कळलं की ही विद्यार्थ्यांच्या ओळखपत्राची रांग. शाखा कुठली विचारलं तेव्हा मी काज-बटण म्हणाले, आणि मागची सगळी पोरं खिदळायला लागली. पोरगा भला निघाला. कार्ड केलं नाही, पण फोटो काढून झालाच होता, तो हातात दिला. अशा रीतीनं मी विद्यापीठात जाऊन आले. तुमच्या घरात कुणी म्हणेल की ही शाळेतही टिकली नव्हती, त्याला हे सांगा.

दुसऱ्या दिवशी बरोबर खिडकी सापडली. आत एक चष्मेवाला. माणूस वाईट नव्हता, पण त्याचं प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, फलकावर लावलंय. अरे, फलकावरचं कळलं असतं तर मी तुझं तोंड बघायला आले असते का? त्यात त्याच्या शर्टाचं वरून तिसरं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं. तो बोलला की ते हलायचं, तो थांबला की थांबायचं. वन्सं, माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. (साऱ्या गोतावळ्याला तुम्हीच तर सांगितलात.) मला राहवेना. पर्समधून सुई-दोरा काढला आणि म्हटलं, पुढे वाका. तो घाबरून वाकला. काचेच्या खालच्या भोकातून हात घालून मी तिथल्या तिथं बटण धरलं. आता सुई छातीपाशी असली की माणूस हलत नाही, फलक दाखवत नाही आणि खरं बोलतो. त्याची चहाची वेळ झाली होती, पण दोरा माझ्या हातात. बटण मी चार टाक्यांत लावते. त्या दिवशी वीस घातले. दर टाक्याला एक प्रश्न. मागच्या रांगेतली पोरंही पुढे सरकून ऐकायला लागली, एकजण तर वहीत लिहून घेत होती.

त्यानं सांगितलेलं मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगते, कारण पुढेमागे तुमच्या नातवंडांना उपयोगी पडेल. मदत तीन जातींची. एक, जी परत द्यायची नाही, म्हणजे कुणी कापड भेट दिल्यासारखी. ती गुणांवर मिळते किंवा घरची कमाई कमी असली तर फीमाफी म्हणून मिळते. पण दरवर्षी नवा अर्ज करावा लागतो आणि पोरगी नापास झाली की कापड परत. दुसरी, कामावरची. विद्यापीठातच ग्रंथालयात नाहीतर कार्यालयात रोज दोन-तीन तास काम करायचं, त्याचे पैसे मिळतात. तिसरी, कर्जाची. शिकून झाल्यावर फेडायची, पण व्याज कधीपासून चढतं ते आधी विचारून घ्यायचं, आणि जामीन लागतो. चष्मेवाला म्हणाला, बाई, आधी भेटीचं घ्या, मग कामाचं, आणि जे उरेल तेवढंच कर्ज, त्याच्यावर एक पैसा जास्त नाही. मी म्हटलं, हे एवढं फलकावर का लिहीत नाही? तो म्हणाला, जागा नाही.

गुणांची मदत पोरीची दीड गुणानं हुकली. (दीड! मी तर त्या मास्तराच्या दारात बसले असते, पण ती जाऊ देत नाही.) राहिली फीमाफी. तिचा फॉर्म मी तिथंच भरायला घेतला, चष्मेवाला विचारत होता आणि लिहीत होता. आईचा धंदा झाला, कमाई झाली. वडील? म्हटलं, आहेत. घरी आहेत? म्हटलं, बाहेर गेलेत. कधी गेले? सहा वर्षांपूर्वी. रांगेतली पोरं हसली. तो हसला नाही. परत कधी येणार, असं त्यानं अगदी सरळ विचारलं, आणि मी म्हटलं, काम झालं की.

मग त्यानं आवाज खाली करून सांगितलं की फॉर्मात एक चौकोन आहे. नवरा सोडून गेला असेल तर त्यात खूण करायची, प्रतिज्ञापत्र जोडायचं, सगळी फी माफ. नाहीतर दोघांची कमाई दाखवायची, दोघांच्या सह्या, आणि मिळाली तर अर्धी माफ. मी फॉर्म घरी आणला. पोरीसमोर बसून पेन हातात घेतलं. चौकोन हा एवढासा, शर्टाच्या बटणाहून लहान. सहा वर्षांत तुमच्या बंधूंना मी काय काय म्हटलंय ते तुमच्या कानावर आलंच असेल, पण त्या चौकोनात माझा हात जाईना. दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे येतात. दर रविवारी पोरगी त्यांच्याशी फोनवर बोलते. मी तेवढा वेळ मशीन बंद ठेवते, त्याच्या आवाजात तिला ऐकू येत नाही म्हणून. (मला ऐकू यावं म्हणून नव्हे.) मग सोडून गेले असं लिहून खाली सही कशी करू? खोटं निघालं तर दिलेली माफीही परत घेतात, चष्मेवाला तसंच म्हणाला. हे मी पोरीला सांगितलं, की खोटं निघालं तर परत घेतात. तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं आणि त्याला टोपण लावलं.

आणि सोडून गेले ते तरी कसले! तुम्हाला त्यांनी काय सांगितलं माहीत नाही, खरं हे असं. शाळा सुरू व्हायला चार दिवस, माझ्यापुढे बेचाळीस गणवेशांचा ढीग, आणि तुमच्या ह्या मशीन दुरुस्त करणाऱ्या बंधूंनी आवाज बरोबर येत नाही म्हणून चालतं मशीन उघडून वर्तमानपत्रावर पसरलं. मी ओरडले, मशीन जोडा नाहीतर चालते व्हा. बायको काही बोलली तर माणसानं दोनातलं एक करावं. यांनी दोन्ही केली. दिवसभर बसून मशीन जोडलं, तेल घातलं, एक फडकं शिवून बघितलं आणि चालते झाले. सगळ्या संसारात माझं ऐकलं ते त्या दिवशी, तेही दुप्पट. मी बेचाळीस गणवेश पुरे करेपर्यंत मान वर केली नाही. मान वर केली तेव्हा गाडी गेलेली होती. आणि तिकडे तुम्ही त्यांना खोली झाडून दिलीत, ती जरा उशिरा झाडली असती तर बिघडलं असतं का?

असो. अर्ज वीस तारखेपर्यंत द्यायचा आहे. अर्धी माफी, ग्रंथालयाचं काम (ते पोरीनं मिळवलंसुद्धा, संध्याकाळचे तीन तास) आणि उरलेलं थोडं कर्ज, असं बसवलं की चार वर्षं निघतात. मी तीनदा जुळवून बघितलं. फक्त वडिलांची सही नाही मिळाली तर अर्धी माफी गेली, आणि त्याबरोबर जागाही गेली. नियम असा आहे की ही सही खिडकीसमोर, अधिकाऱ्याच्या देखत करावी लागते. पोस्टानं चालत नाही. तेव्हा तुमच्या बंधूंना पाठवून द्या. काम सरकारी आहे, माझं काही नाही. येताना दोन दिवसांचे कपडे आणले तर बरं, सरकारी कामाचं काही सांगता येत नाही.

घरातल्या लहानांना पापे, मोठ्यांना जे योग्य ते.

तुमची वहिनी

ता. क. तो फोटो सोबत ठेवते आहे. फुकटचा आहे, वाया जाऊ नये म्हणून. केस पांढरे दिसतात ते कॅमेऱ्याच्या उजेडामुळे.

ता. क. दुसरा. तुम्हाला पत्रं मोठ्यानं वाचायची खोड आहे. हे मोठ्यानं वाचू नका. वाचणारच असाल तर सगळे घरी असताना वाचा.

ता. क. तिसरा. पोरीनं पत्र पाकिटात घालण्याआधी वाचलं. ती म्हणते की फॉर्मात स्वच्छ लिहिलंय, वडिलांची सही पोस्टानं चालते, आणि ती रविवारी फोनवर सांगून चार दिवसांत मागवू शकते, मी खोटं का लिहिलं. तिचं म्हणणं खरं आहे म्हणून इथं लिहिलं. वरचं मात्र खोडत नाही. सहीची जागा कोरी ठेवून फॉर्म पाकिटात घातला आहे. पोरीचं नुकसान नको. यायचं नसेल तर सही करून पाठवून द्या.

ता. क. शेवटचा. त्या दिवशी मशीन जोडल्यावर वर्तमानपत्रावर एक स्क्रू उरला होता. तेव्हापासून मशीन चालतं, पण दर सहाव्या टाक्याला खट् करतं. दुसऱ्या मेकॅनिकनं दहा मिनिटांचं काम आहे म्हणून सांगितलं, मी त्याला हात लावू दिला नाही. स्क्रू या पाकिटात घालणार होते, पण पोस्टात हरवला तर? इथंच आहे, बटणांच्या डब्यात. ह्यांना सांगा, काम अजून झालेलं नाही.