आठ पावलांवरची नजर

शनिवार, १४ मार्च, दुपार

प्रिय छोटी,

दादाचे आशीर्वाद. घ्यायचे की नाहीत ते तू ठरव, मी आपले पाठवून मोकळा होतो.

आधी माझ्यावर कोसळलेलं संकट सांगतो. चष्म्यांच्या दुकानाच्या पाटीवर मी दोन मोठे डोळे रंगवून घेतले होते, ते तुला आठवत असतील. मंगळवारी दगड लागून त्यातला डावा उडाला. उजवा शाबूत. परिणामी माझं प्रतिष्ठित दुकान सध्या येणाऱ्याजाणाऱ्याला डोळा मारतं. चौकात बस जळत होती, आणि समोरच्या शिवणकामवाल्या बाई रस्ता ओलांडून मला विचारायला आल्या, "अहो, तुमच्या वयाला शोभतं का हे?" पाटीवर फडकं टाकेपर्यंत त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

बाकी बातमी तुझ्याच घरची, मी काय सांगणार? तुझ्या दिराला गोळी घालणारे फौजदार आणि दोन शिपाई, तिघेही मंगळवारी निर्दोष सुटले. नळदुरुस्ती करणारा माणूस, भर दुपार, हातात चष्म्याची काळी डबी. त्यांना ती पिस्तूल वाटली, आणि तसं वाटणं हा गुन्हा नाही, असं न्यायाधीश म्हणाले. कोर्टाच्या या बाजूला फौजदारांना खांद्यावर घेऊन नाचवलं, त्या बाजूने विटा सुरू झाल्या. मध्ये सापडली ती माणसं अर्थातच कशातच नव्हती. औषधवाल्याचा मेव्हणा पोलिसात आहे असं कुणीतरी ओरडलं. मेव्हणा शाळेत चित्रकला शिकवतो हे सांगेपर्यंत बिचाऱ्याचे पुढचे चार दात रस्त्यावर पडले होते. मग पोलीस आले आणि त्यांनी, वाचलेल्या दातांसकट, त्यालाच गाडीत घातलं.

माझ्या दुकानाच्या दारात मात्र दोन शिपाई बसवले होते. साहेबांचा हुकूम. आपला माणूस म्हणून.

हो, आपला माणूस. तीन वर्षं तू माझ्याशी बोलत नाहीस ते ज्या साक्षीमुळे, तिचंच हे बक्षीस.

गुरुवारी सकाळी फौजदार स्वतः आले. साध्या कपड्यात, हातात पोलिसी काठी. खुर्चीत ऐसपैस बसले.

"मास्तर, तुमच्या डोळ्यांमुळे सुटलो. आता आमचे तपासा. डोकं दुखतं हल्ली."

मी तपासणीची फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली, तक्ता लावला. तिसऱ्या ओळीवर होते, तेवढ्यात बाहेर सायकलवरून पाव पोचवणारा माणूस थांबला. काचेतून त्याने आत पाहिलं आणि एकच शब्द बोलला, "खुनी." ओरडलासुद्धा नाही गं. वेळ विचारावी तसं म्हणाला.

फौजदारांनी फ्रेम उतरवली, काउंटरवर अलगद ठेवली आणि काठी घेऊन बाहेर गेले. पहिला फटका गुडघ्यावर. तो खाली बसला तेव्हा कोपरावर. हाड मोडल्याचा आवाज मला आतपर्यंत आला. शिपायांनी त्याचे खांदे दाबून धरले होते. मग तोंडावर तीन. तिसऱ्यानंतर तो ओरडायचा थांबला आणि नुसती घरघर राहिली. पाव रस्त्यात विखुरले होते, ते रक्त शोषून फुगत होते.

फौजदार आत आले, काठी भिंतीला टेकवली, हाताने फ्रेम लावून घेतली. "कुठली ओळ होती?"

आणि छोटी, मी त्यांना पुढची ओळ दाखवली.

चौथी वाचली. पाचवी वाचली. सगळ्यात खालची, मुंगीच्या पायाएवढी ओळ असते, तीही न अडखळता वाचली. मग छपाई करणाऱ्याचा पत्ताही वाचून दाखवला, गंमत म्हणून. इतकी स्वच्छ नजर मी पंचवीस वर्षांत तपासलेली नाही. तुझ्या दिरापासून हा माणूस आठ पावलांवर उभा होता.

आता माझ्या नजरेचं.

तू मला एकदाच विचारलं होतंस, "दादा, माझा दीर होता तो. आपल्या घरी जेवलेला माणूस तुला ओळखू कसा आला नाही?" मी म्हणालो, ऊन डोळ्यांवर होतं. ऊन नव्हतं, छोटी. बारीक स्क्रू बसवताना मी जाड भिंगांचा चष्मा लावतो. त्यातून वीतभर अंतरावरचा स्क्रू खिळ्याएवढा दिसतो आणि पलीकडचं सगळं जग दुधात बुडवल्यासारखं. दुकानासमोर गोळीचा आवाज झाला तशी मी मान वर केली. चष्मा काढायचं भान राहिलं नाही. मला एक गडद डाग उभा दिसला आणि मग आडवा दिसला.

दहा मिनिटांत फौजदार दुकानात. "हातात काळं होतं ना? आमच्यावर रोखलेलं?" मी हो म्हणालो. कोण पडलंय हे मला सही केल्यावर कळलं. मग कोर्टात त्यांच्या वकिलाने विचारलं, तुमची नजर चांगली आहे ना? मी म्हणालो, "साहेब, अख्खा मोहल्ला माझ्यामुळे बघतो." न्यायाधीशसुद्धा हसले. त्या हशानंतर दुसरं काही बोलायची मला हिंमत झाली नाही. खरं सांगू? इच्छाही झाली नाही. हशा छान होता.

काल तुमच्या वकिलांकडे जाऊन सगळं लिहून दिलं. पाववाल्याचंही. वकील म्हणाले, "सोमवारी अपिलाबरोबर हे दाखल होईल. खोट्या साक्षीबद्दल तुम्हीच आत जाल. आणि त्याच्या आधी दारातले ते दोघे तुम्हाला बघून घेतील." मी म्हटलं, "बघू देत. त्यांना तरी नीट दिसतं." कुणी हसलं नाही.

तुझी जाऊ तिथेच बाकावर बसली होती. म्हणाली, "दादा, दिसत नव्हतं तर दिसत नव्हतं म्हणायचं. काय झालं असतं?"

"चष्मेवाल्याला दिसलं नाही म्हणून लोक हसले असते, वहिनी."

"मग? हसलेच ना."

 

तिच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. मी हात पुढे केला. तिने चष्मा काढून दिला. त्या दिवशी डबीतून तुझा दीर बायकोचा हाच चष्मा माझ्याकडे आणत होता. सकाळी फोनवर मीच म्हणालो होतो, आत्ताच घेऊन ये, दोन मिनिटांचं काम आहे. दोरा सोडला, खिशातला स्क्रू बसवला, काडी उघडून मिटून पाहिली आणि चष्मा तिच्या हातात दिला. दोन मिनिटंही लागली नाहीत.

तुझा दादा,
ज्याने त्या दुपारी काहीही पाहिलं नाही