कलंडलेला फासा

ता. १२ मार्च, दुपार

प्रिय धाकट्या,

आम्ही ठीक. तूही ठीकच असशील. फोनवर तेवढंच तर सांगतोस.

बाबांनी माझं डोकं खाल्लंय. गेले एकोणीस दिवस आमचा एकच डाव चाललाय, रोज चहाबरोबर दोन-तीनदाच फासे टाकायचे. बॅकगॅमन, ते बोटीवर नोकरीला असताना शिकले त्या पद्धतीचं. विसरला असशील म्हणून सांगते: सुरुवातीला पट रिकामा, सगळ्या सोंगट्या बाहेरून आणायच्या, फिरवून आधी पटाबाहेर काढेल तो जिंकला. आणि एक-दोन पडलं की चैन! ते खेळायचं, मग मनाला येईल ती सारख्या आकड्यांची जोडी घेऊन चार चाली चालायच्या, वर पुन्हा फासे टाकायचे. बाबांना एक-दोन पडलं की शेजारपाजारच्यांना कळायचं, एवढे ओरडायचे. तू रडून पट उधळायचास.

परवा त्यांना एक-दोन पडलं. त्यांनी हळूच बोटाने एक फासा कलंडवला आणि म्हणाले, "तीन-एक."

मला वाटलं, नजर गेली, आकडे दिसले नाहीत आणि बोट चुकून लागलं. लाँड्रीतून अर्ध्या दिवसाची रजा काढली, सुपरवायझरची बोलणी खाल्ली, डोळ्यांच्या डॉक्टरकडे दोन तास ताटकळले. डॉक्टर हसून म्हणाले, "आजोबांची नजर तुमच्यापेक्षा चांगली आहे!" बसमध्ये मी वैतागून विचारलं, "मग एक-दोन लपवता कशाला?" बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "संपवायची एवढी काय घाई आहे गं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फोनवर टाळलं ते आता लिहिते, आजच्या कुरिअरने उद्या तुला मिळेल. मी वृद्धाश्रमाचा फॉर्म भरलाय. खोली पंधरा तारखेपर्यंत राखून ठेवलीय. मी कामावर असताना दोनदा गॅस तसाच चालू राहिला, धाकट्या. मी कुठेकुठे पुरी पडू? बाबांचं काय करायचं, तुला विचारलं तर, "ताई, तूच ठरव." ठरवलं. पण त्यांना तारीख सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून नवा पट मांडताना मीच त्यांना म्हणाले, "हा डाव झाला की तुमचं सामान बांधू."

त्यांनी तो शब्द धरून ठेवला.

काल मला एक-दोन पडलं. माझ्या चारच सोंगट्या उरल्या होत्या, सगळ्या निघाल्या असत्या. मी फासा कलंडवला. "तीन-एक," म्हटलं. बाबांनी पाहिलं. आणि आपल्यातला अर्धा चहा माझ्या कपात ओतला. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

आता दोघंही खोटं खेळतोय. मला तुझा भयंकर संताप येतो, रे. चौदाला ये. त्यांना तुझ्याकडे न्यायला ये, नाहीतर त्या खोलीपर्यंत पोचवायला ये, पण त्यांच्यासमोर बसून तुझ्या तोंडाने सांग. हा डाव मी एकटी संपवणार नाही.

पट तसाच मांडलेला आहे.

फासे हातात धरून बसलेली,
तुझी ताई